खुणेवरचा विश्वास

अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अळी जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांब असते. तिला पंख नाहीत, चार बोटांपलीकडचं दिसत नाही आणि अंगात साठा म्हणावा असं फारसं काही नाही. पहिला घास वेळेवर मिळाला नाही तर ती वाचत नाही. खाण्याजोगं झाड दोन हातांवर असलं तरी तिथवर पोचणं तिला बहुतेक वेळा जमत नाही. ती काय खाणार, तिला ऊन किती मिळणार, कोणत्या कोळ्याच्या किंवा गांधीलमाशीच्या वाटेत ती सापडणार, हे सगळं तिच्या जन्माआधीच ठरून गेलेलं असतं. ठरवणारी तिची आई. ही आई फुलपाखरू किंवा पतंग असेल तर पंख फुटल्यापासून पानाला तोंड लावत नाही, मकरंदावर जगते. आपण खात नाही ते दुसऱ्यासाठी निवडायचं आणि त्या निवडीचं काय झालं हे पाहायला थांबायचंही नाही, अशी ही कामगिरी आहे. वनस्पतींवर जगणारे असंख्य कीटक ती पिढ्यान्‌पिढ्या पार पाडत आले आहेत, त्यामुळे आईला सगळं कळत असलं पाहिजे असं सहज वाटतं. कीटकशास्त्रातही गेली चाळीस-पन्नास वर्षं हा विचार एक गृहीतक म्हणून वावरतो आहे: जिथे अळ्या सर्वांत चांगल्या वाढतील तिथेच मादी अंडी घालेल. हे गृहीतक पुष्कळदा खरं ठरतं. पण ते खरं ठरतं याचं श्रेय आईच्या वनस्पतिज्ञानाला देता येत नाही, असं मला या प्रकरणात मांडायचं आहे. आईला कळतात त्या झाडाच्या मोजक्या खुणा. खूण आणि झाड यांची सांगड टिकून आहे तोवर आई शहाणी दिसते. सांगड सुटली की तीच आई, त्याच इंद्रियांनी, तेवढ्याच काटेकोरपणे आपल्या अळ्यांना मरणाच्या दारात सोडून येते.

खुणा वाचण्याचं काम कसं चालतं हे पाहायला लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड पुरतं. त्याभोवती घुटमळणारं काळ्या-पिवळ्या नक्षीचं फुलपाखरू फुलावर बसतं तसं पानावर स्वस्थ बसत नाही. पंखांची फडफड चालू ठेवून मादी पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी भराभर टकटक करते. त्या पायांच्या टोकांना चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. चव पटली नाही तर ती लगेच उठते. पटली तर पोट वाकवून कोवळ्या पानाला मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं चिकटवते आणि निघून जाते. हा सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. दुरून रंग, आकार आणि गंध यांनी तिला झाडाजवळ आणलेलं असतं, शेवटचा निर्णय मात्र पाय देतात. याच कुळातल्या, पूर्व आशियातल्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या एका फुलपाखरावर जपानी शास्त्रज्ञांनी फार बारकाईनं काम केलं आहे. पानातली कोणकोणती द्रव्यं मादीला अंडी घालायला लावतात हे त्यांनी एकेक करून वेगळं काढलं, तेव्हा दिसलं की सुटं द्रव्य फारसं काही करत नाही, अनेक द्रव्यांचं मिश्रण लागतं. त्यातलं एक सायनेफ्रिन. ते ओळखणारा चवीचा ग्राहक मादीच्या पायांत नेमका कोणता, हेही २०११ मध्ये कळलं. त्या ग्राहकाचं जनुक दाबून टाकलं की सायनेफ्रिनला मिळणारा प्रतिसाद घटतो आणि अंडी घालणंही कमी होतं. ‘आईचं मन’ असं आपण ज्याला म्हणू पाहतो त्याचा एक धागा असा पायातल्या एका रेणूपर्यंत जाऊन पोचतो.

कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांची गोष्ट याहून जुनी आहे. १९१० मध्ये एडुआर्ड फेरशाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवलं, की कोबीच्या अळ्या एरवी ज्या पानांना शिवत नाहीत त्यांना मोहरीवर्गीय झाडांतलं तिखट द्रव्य लावलं तर त्या ती पानं खाऊ लागतात. ही ग्लुकोसिनोलेट गटातली द्रव्यं. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो त्यांच्यातूनच निर्माण होतो. पुढे माद्यांवरही प्रयोग झाले. हिरव्या कागदाला अशा द्रव्याचा लेप दिला तर कोबीवरची मादी त्या कागदावर अंडी घालते. कागदावर अळीला खायला काहीही नाही, पण हिरवा रंग आहे आणि पायांना लागणारी चव आहे, तेवढं तिला पुरतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ग्लुकोसिनोलेट हे झाडानं कीटकांना हाकलण्यासाठी बाळगलेलं हत्यार आहे, आणि बहुतेक कीटकांना ते हाकलतंही. ज्या थोड्यांनी ते पचवण्याची तजवीज करून घेतली त्यांच्यासाठी मात्र तेच हत्यार पत्ता सांगणारी खूण झालं. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये फुलपाखरं आणि वनस्पती यांच्या सहउत्क्रांतीचा जो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला त्याच्या मुळाशी हेच आहे. खूण म्हणून हे द्रव्य उत्तमच: ते या कुळात जवळजवळ सगळीकडे असतं आणि कुळाबाहेर क्वचित. पण ते ‘हे झाड या कुळातलं आहे’ एवढंच सांगतं. या झाडावर अळी जगेल का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

त्या फरकाची किंमत किती असू शकते हे बार्बारिया व्हल्गॅरिस या युरोपातल्या पिवळ्या फुलांच्या तणानं दाखवून दिलं. हे तण मोहरीच्याच कुळातलं. कोबी-फुलकोबीचं जगभर अतोनात नुकसान करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही चांगला ठाऊक आहे. कोबी आणि बार्बारिया शेजारी-शेजारी लावले तर या पतंगाच्या माद्या कोबी सोडून बार्बारियावर कितीतरी जास्त अंडी घालतात, कारण त्यांच्या पायांना हवं ते ग्लुकोसिनोलेट तिथे भरपूर आहे. अंडी उबतात, अळ्या पान कुरतडू लागतात आणि मरतात. बार्बारियाच्या पानात ग्लुकोसिनोलेटखेरीज सॅपोनिनही असतं, आणि ते या अळ्यांना सोसत नाही. अळीला ते पहिल्या काही घासांतच भेटतं, पण आईच्या निवडीत त्याला जागाच नाही. दुकानाच्या पाटीवरून आतल्या मालाचा अंदाज बांधावा, तसं हे झालं. पाटी खोटी नव्हती, फक्त मालाबद्दल तिच्यात जे लिहायला हवं होतं ते लिहिलेलं नव्हतं.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. अशी उदाहरणं नजरेत भरतात म्हणून आपण त्यांनाच घेऊन बसतो, एरवी तर आया बरोबरच निवडतात ना? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. २०१० मध्ये सोफिया ग्रिपेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात स्पष्ट दिसलं की मादीला आवडणाऱ्या झाडांवर अळ्या सरासरीनं जास्त जगतात. पण त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट निघाली: चांगल्या झाडाची ही निवड मोजक्याच झाडांवर जगणाऱ्या कीटकांत अधिक ठळक होती, अनेक झाडांवर जगणाऱ्यांत फिकी. आईला झाडाचा कस कळत असता तर हा फरक पडण्याचं कारण नव्हतं. स्वीडनच्या निकलास यान्झ आणि सोरेन नीलिन यांनी १९९७ मध्ये खाजकुइलीसारख्या दाहक केसांच्या नेटल या वनस्पतीवर वाढणाऱ्या फुलपाखरांची तुलना केली होती. फक्त नेटलवर जगणाऱ्या जातींना चांगलं नेटल आणि निकृष्ट नेटल यांतला फरक ओळखता आला. नेटलबरोबर इतर अनेक झाडं वापरणाऱ्या जातींना तो ओळखता आला नाही. ज्या मादीला चारच खुणा सांभाळायच्या आहेत ती त्या बारकाईनं वाचते. चाळीस खुणांचा भार असला की प्रत्येकीकडे लक्ष कमी पडतं. सरासरी निकाल बरा येतो तो हजारो पिढ्यांत चुकीच्या खुणा धरणाऱ्या माद्यांचे वंश खुंटले म्हणून. निवडीचं शहाणपण त्या वंश खुंटण्यात आहे, मादीच्या डोक्यात नाही.

आनुवंशिकीतून आलेला एक पुरावा मला याहूनही बोलका वाटतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या दोन जवळच्या फुलपाखरांच्या जातींचा संकर करून जॉन थॉम्पसन यांनी पाहिलं, की कोणत्या झाडावर अंडी घालायची ही पसंती मुख्यतः लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरून येते, तर त्या झाडावर अळीनं जगण्याची क्षमता इतर गुणसूत्रांवर अवलंबून असते. आईची आवड आणि लेकरांची पचनशक्ती या दोन गोष्टी एकाच सूत्रानं बांधलेल्या नाहीत. एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. त्या जुळून येतात तेव्हा नैसर्गिक निवडीनं त्यांना जुळवून आणलेलं असतं, आणि परिस्थिती पालटली की त्या सुटूनही जाऊ शकतात.

मग नैसर्गिक निवडीनं याहून चोख इंद्रियं का घडवली नाहीत? मुख्य अडचण वेळेची आहे. मादीचं आयुष्य दिवसांत मोजायचं, त्यातही ढगाळ हवा, वारा आणि शत्रू यांतून उरलेले तास थोडे. पोटात अंडी तयार होत राहतात आणि योग्य झाड दर वळणावर भेटत नाही. युफिड्रियस एडिथा या अमेरिकी फुलपाखराच्या अभ्यासात मायकल सिंगर यांनी पसंती मोजायची जी पद्धत बसवली ती यावर चांगला प्रकाश टाकते. मादीला हळूच एका झाडावर ठेवायचं. ती पायांनी चव घेते, पोट वाकवते, अंडनलिका पानावर टेकवते. तेवढं झालं की ते झाड तिनं पत्करलं अशी नोंद करायची आणि अंडं घालायच्या आत तिला उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायचं. हे आलटून-पालटून चालू ठेवलं की सुरुवातीला फक्त आवडतं झाड पत्करणारी मादी काही काळानं नावडतंही पत्करू लागते. आवड किती तीव्र आहे हे त्या मधल्या अवधीवरून मोजतात. म्हणजे चोखंदळपणा हा मादीचा पक्का गुणधर्म नाही, तो अंड्यांच्या ओझ्याबरोबर आणि वाट पाहण्याबरोबर ओसरत जातो. आपल्या ज्वारीवरची खोडमाशी हेच वेगळ्या रीतीनं दाखवते. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं, लांबुळकं अंडं घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब कापते आणि पोंगेमर होते. पानं चकचकीत असलेल्या आणि पानाखाली बारीक लव असलेल्या वाणांवर ती कमी अंडी घालते, आणि ज्वारीच्या प्रतिकारक वाणांचा बराचसा भरवसा याच नावडीवर असतो. पण रानात दुसरं काहीच नसेल तर नावडत्या वाणावरही अंडी पडतात. प्रयोगांत हे पुन्हा-पुन्हा दिसलं आहे. निवड करायला पर्याय आणि सवड दोन्ही लागतात.

युफिड्रियसची पुढची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण एका ठिकाणच्या माद्यांची पसंती बदलताना आणि त्या बदलाचा शेवट होताना शास्त्रज्ञांनी ती डोळ्यांदेखत नोंदवली. नेवाडा राज्यात कार्सन सिटीजवळ श्नायडर्स मेडो नावाचं कुरण आहे. तिथली फुलपाखरं मुळात कॉलिन्सिया नावाच्या चिमुकल्या वर्षायू रोपावर अंडी घालत. हे रोप लवकर सुकतं. ते सुकण्याआधी अळ्या पुरेशा वाढल्या नाहीत तर उपाशी मरतात, आणि अशा मरणाऱ्यांची संख्या मोठी असे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गुरं पाळणारे लोक आले आणि त्यांच्याबरोबर युरोपातून एक तण आलं: प्लँटॅगो लॅन्सिओलाटा, आपल्या इसबगोलाच्या प्रजातीतलं. ते उन्हाळाभर हिरवं राहतं. माद्यांना ते अगदीच परकं नव्हतं, कारण त्यातही या फुलपाखरांच्या ओळखीची इरिडॉइड गटातली कडू द्रव्यं असतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक माद्यांची पसंती अजून कॉलिन्सियालाच होती. प्लँटॅगोवरच्या अळ्या मात्र अधिक जगत होत्या, त्यामुळे तिकडे झुकणाऱ्या माद्यांच्या लेकी दरवर्षी थोड्या वाढत गेल्या. ही पसंती आईकडून लेकीकडे उतरते हे याच जातीवरच्या प्रयोगांनी दाखवलं होतं. पंचवीसेक वर्षांत तिथल्या साऱ्या माद्या प्लँटॅगोच्या झाल्या. गृहीतकाच्या बाजूनं याहून नेटका पुरावा शोधून सापडणार नाही. आई चांगलं झाड निवडायला शिकली, आणि तेही आपल्या एका हयातीत दिसावं इतक्या वेगानं.

त्यानंतर कुरणात गुरं चरायची थांबली. गवत वाढलं, प्लँटॅगोची रोपं त्यात बुडाली. रोपं होती तशीच होती, पानांतलं रसायन तेच होतं, माद्यांच्या पायांना लागणारी चव तीच होती. बदललं होतं ते ऊन. या अळ्यांना वाढीसाठी अंग उन्हात शेकावं लागतं, आणि उंच गवताच्या सावलीत जमिनीलगतची हवा थंड राहू लागली. शेजारच्या उघड्या, उबदार जागी कॉलिन्सिया उगवत होती, पण आता तिला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. काही वर्षांतच तिथली फुलपाखरं नाहीशी झाली. पुढे २०१३-१४च्या सुमारास बाहेरून फुलपाखरं पुन्हा तिथे आली तेव्हा ती कॉलिन्सियावर अंडी घालत होती. सिंगर आणि कॅमिल पार्मेसान यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये ही सगळी हकिगत मांडली. मला यातली महत्त्वाची बाब ही वाटते, की पहिल्या टप्प्यातली शहाणी निवड आणि दुसऱ्या टप्प्यातली घातक निवड यांत मादीच्या वागण्यात काहीच फरक नव्हता. तिनं दोन्ही वेळा तीच खूण वाचली. पहिल्या वेळी त्या खुणेमागे चरलेलं, उन्हानं तापलेलं कुरण होतं. दुसऱ्या वेळी नव्हतं. खुणेत ऊन लिहिलेलं नसतं.

इथे आणखी एक आक्षेप घेता येईल, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. आपण चूक कशाला म्हणतो? अळीची वाढ तेवढी मोजायची आणि आईला नापास करायचं, हे न्याय्य आहे का? बेल्जियममध्ये यान शेअर्स आणि सहकाऱ्यांनी गवताच्या पात्यात बोगदे पाडणाऱ्या एका माशीचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. या माशीची मादी स्वतःही त्याच पात्याला भोक पाडून रस पिते. तिनं निवडलेली गवतं अळ्यांना सर्वांत मानवणारी नव्हती. ती तिला स्वतःला मानवणारी होती. चांगलं खायला मिळालेली आई जास्त जगते आणि जास्त अंडी घालते, त्यामुळे वंशाचा हिशेब तिच्या बाजूनंच लागतो. शत्रूंचंही असंच. पोषक पान जर भक्षकांच्या नजरेत असेल तर थोडं निकृष्ट पण सुरक्षित पान बरं. यूटाच्या वाळवंटी भागात जंगली तंबाखूवर आंद्रे केसलर आणि इयान बाल्डविन यांनी २००१ मध्ये दाखवलं, की कुरतडलेलं झाड हवेत जे गंध सोडतं त्यांनी अळ्या खाणारे ढेकणासारखे कीटक तिथे येतात, आणि तोच गंध आल्यावर पतंगाच्या माद्या त्या झाडावर कमी अंडी घालतात. हे सगळं मान्य करायला मला अडचण नाही. आईचा हिशेब अळीच्या वजनापुरता नसतो, तो बराच लांबरुंद असतो. पण तंबाखूचं उदाहरण नीट पाहिलं तर माझंच म्हणणं पुढे सरकतं. पतंगाची मादी भक्षक मोजत बसत नाही. तिला गंध येतो आणि ती वळते. हिशेब कितीही व्यापक असो, त्याचा प्रत्येक आकडा तिला खुणेच्याच रूपात मिळतो.

शिकण्याचं काय? कीटक अनुभवातून शिकतात हे आता वादातीत आहे. टेक्सासमध्ये मार्क रॉशर यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की एका फुलपाखराच्या माद्या रुंद पानांची आणि अरुंद पानांची अशी दोन खाद्यझाडं असताना एका वेळी एकाच आकाराच्या शोधात फिरतात. कोबीवरच्या मादीला एका रंगाच्या कागदावर मोहरीच्या द्रव्याची चव मिळाली, की ती पुढे त्या रंगाकडे अधिक वळते, हेही प्रयोगांत दिसलं आहे. यामुळे मादीच्या हाती आलेल्या खुणा ताज्या होतात, त्या ऋतूला आणि त्या परिसराला जुळवून घेतल्या जातात. मात्र शिकण्याचा दाखला तिला चवीतून मिळतो, अळीच्या भवितव्यातून नाही. अळी मेली की तगली हे तिला कळायची सोयच नसल्यामुळे त्या बाबतीत शिकणंही शक्य नाही. जे शिकलं जातं ते एका खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे जाणं.

खूण वाचणारा असला की खूण बनवणाराही निपजतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांच्या अळ्या कृष्णकमळाच्या वेलींवर वाढतात आणि एकमेकींना खाऊनही टाकतात, म्हणून मादी आधीच अंडं असलेली वेल टाळते. कृष्णकमळाच्या काही जातींवर पिवळ्या, अंड्याएवढ्या गाठी असतात, आणि त्या हुबेहूब या फुलपाखराच्या अंड्यासारख्या दिसतात. कॅथी विल्यम्स आणि लॉरेन्स गिल्बर्ट यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की अंडी किंवा अशा नकली अंड्यांमुळे मादी खरोखर हात आखडता घेते. हेच आपल्या डब्यातल्या कडधान्यातही घडत असतं. मुगाच्या किंवा चवळीच्या दाण्यांवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ती भुंगेऱ्याची अंडी. मादी ती शक्यतो दाण्यादाण्यावर विखरून घालते, आधी अंडं असलेला दाणा टाळते, कारण एका दाण्यात फार अळ्यांना पुरेल इतकं अन्न नसतं. इतकी काटेकोर असलेली हीच मादी राजम्यावर अंडी घालते, आणि राजम्यातली रसायनं तिच्या अळ्यांना वाढू देत नाहीत. गुळगुळीत काचेच्या मण्यांवरही ती अंडी घालते. गोल, गुळगुळीत, अंडं नसलेलं: तिला लागतात त्या खुणा तिथे पुऱ्या होतात.

शेतीत ही समज फार दूरवर नेता येते, आणि माझ्या मते फवारणीच्या तुलनेत तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं गेलं आहे. सापळा पीक याच तत्त्वावर उभं आहे. कोबीच्या ओळींमध्ये मोहरी पेरली की चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळतो. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावला की हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या पतंगाची बरीच अंडी झेंडूवर पडतात. इंग्लंडच्या स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीच्या मुळांवरच्या माशीवर केलेल्या कामातून मिश्रपिकाचीही एक बाजू उलगडली. ही माशी कुठल्याही हिरव्या पानावर उतरते, आणि अंडी घालण्याआधी तिला खाद्यझाडाच्या पानांवर लागोपाठ काही वेळा उतरून चवीची खात्री करावी लागते. मधे भलत्या पानावर उतरली की तिची साखळी तुटते. म्हणून कोबीभोवती दुसरी हिरवळ असली की अंडी कमी पडतात. त्या हिरवळीला उग्र वास असण्याचीही गरज नाही. केनियात इसिपे या कीटकसंशोधन संस्थेतल्या झेयाउर खान यांनी इंग्लंडच्या रोथॅमस्टेडच्या मदतीनं मक्यासाठी दोन्ही युक्त्या एकत्र आणल्या. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक, ज्याचा गंध खोडकिड्याच्या पतंगांना नकोसा वाटतो, आणि शेताच्या कडेनं हत्ती गवत, जे त्यांना मक्याहून आवडतं. हत्ती गवतात शिरलेल्या अळ्यांभोवती खोडातून चिकट द्रव सुटतो आणि त्यातल्या फार थोड्या वाचतात. या पतंगांतला एक, ज्वारी-मक्याचा ठिपक्यांचा खोडकिडा, आशियातून आफ्रिकेत गेलेला आहे आणि आपल्या ज्वारीवरही तोच असतो.

यावर शेवटची शंका अशी, की पतंग हे सापळे ओळखायला शिकणार नाहीत का? एका माशीच्या किंवा पतंगाच्या हयातीत नाही, हे वर आलंच आहे. पिढ्यांच्या ओघात मात्र नक्कीच शिकू शकतील. नेवाडातल्या कुरणात पंचवीस वर्षं पुरली होती. सापळ्यावर अंडी घालणाऱ्यांचे वंश सतत खुंटत गेले आणि पिकावर घालणाऱ्यांचे वाढत गेले, तर पसंती सरकणारच. ती किती वेगानं सरकेल हे सापळ्याचं क्षेत्र किती मोठं आणि आजूबाजूला पतंगांना दुसरा आसरा किती, यावर ठरेल. त्यामुळे सापळा पीक शेताच्या लहानशा हिश्श्यापुरतं ठेवणं शहाणपणाचं. त्यापेक्षा रोजच्या व्यवहारातली अडचण मोठी आहे, ती वेळेची. मोहरी कोबीच्या लागवडीबरोबरच पेरली तर पतंग येतात तेव्हा ती अजून दोन पानांवर असते आणि तिच्याकडे वळण्याजोगं काही नसतं. म्हणून मोहरीची पहिली ओळ कोबीच्या आधी सुमारे पंधरा दिवस टाकायची आणि ती जून होऊ लागली की तिची जागा घ्यायला दुसरी ओळ तयार ठेवायची. झेंडूचंही तसंच: टोमॅटोच्या रोपांपेक्षा झेंडूची रोपं वयानं मोठी हवीत, म्हणजे टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुलावर असेल.